त्यांच्या फ्रीजातलं माझं इंजेक्शन

“चालून दाखव बरं जरा,” आबासाहेब म्हणाले.

कुंभार पिंपळगावातल्या शाळेचं ऑफिस. आबासाहेब संस्थाचालक, मी त्यांच्या विनाअनुदानित शाळेतली बाई. चौथीला शिकवायचे. मुख्याध्यापक आणि एक संचालक बशीत चहा ओतून फुंकत बसलेले. मला कुणी बस म्हटलं नाही. टेबलावर औरंगाबादच्या डॉक्टरांचा कागद आणि माझ्या डोक्याची मोठी काळी फिल्म. ती कुणी उजेडात धरूनसुद्धा पाहिली नाही.

मी दारापासून कपाटापर्यंत चालले. नेमकी त्या सकाळी पायात बरी ताकद होती.

“बराबर चालून राह्यली की,” संचालक म्हणाला. “जांबच्या यात्रेत बी पाह्यली मी हिला. बांगड्या भरीत व्हती.”

सगळे हसले. आबासाहेबांनी कागद बाजूला सारला. मला कळलं, औषध हातचं चाललं. परत दाराकडे येताना मी डावा पाय ओढला. मुद्दाम. भिंतीला हात लावला, कपाटाला धरलं. ज्या आजारानं मला भर वर्गात पोरांसमोर पाडलं होतं, त्याच आजाराचं मी तिथं सोंग केलं.

“हां. हाये थोडं,” आबासाहेब म्हणाले आणि सही केली.

त्या सहीची लाज मी कितीतरी दिवस माझीच समजत होते.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. आधी एका डोळ्यापुढे धुकं आलं. मग पायाला मुंग्या. मग खडू हातातून गळायला लागला. गावानं सगळी नावं देऊन पाहिली. लकवा, बाहेरचं, कामाचा कंटाळा. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजतं. झटका येतो, ओसरतो, पण जाताना अंगातलं काहीतरी घेऊन जातो. मुळातून बरं होत नाही. आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं तर झटके लांबतील. किंमत ऐकून माझा नवरा दवाखान्याच्या पायरीवर खालीच बसला. घनसावंगीच्या रस्त्याला दुसऱ्याची जीप चालवणारा माणूस तो. काय करणार?

सकाळी पाय हलका, दुपारच्या उन्हात तोच पाय दगडाचा, असा हा आजार. ज्याला संशय घ्यायचा त्याची सोयच.

कंपनी काही औषध सवलतीत देणार होती. उरलेलं कुणा जबाबदार माणसानं अंगावर घ्यायचं. गावात जबाबदार माणूस एकच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी धरले.

सहीबरोबर अट आली. औषध आबासाहेबांच्या पत्त्यावर येणार आणि बंगल्यातल्या फ्रीजात राहणार.

“तुमच्या वस्तीत लाइट किती येळ राहती? अन् हातात देलं तं इकून खातेत लोक.”

आमच्या बौद्ध वस्तीत एकाही घरी फ्रीज नव्हता, हे खरं. म्हणून मी मान हलवली. औषध विकून खाणारे लोक त्यांनी कुठं पाहिले होते, ते विचारायचं राहून गेलं.

दर रविवारी मी बंगल्याच्या मागच्या दाराला जायचे. पुढच्या पडवीत आबासाहेबांची माणसं बसलेली असत, तिकडून जायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. कडी वाजवायची आणि थांबायचं. आबासाहेबांच्या बायकोला सगळा गाव माई म्हणतो. त्या इंजेक्शन घेऊन यायच्या आणि ओट्यावर ठेवायच्या. हातात नाही, ओट्यावर. त्या दोन पावलं मागं सरल्या की मी उचलायचे. वर्गात यांच्याच भावकीची पोरं माझ्याकडून पाढे शिकत. रविवारी मी यांच्या ओट्यावरून औषध उचलत असे.

मला खटकायचं. पण मी मनाला दटावायचे. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची ऐपत पाहिजे ना? माझा पाय माझ्या ताब्यात नव्हता, मी कुठलं कुत्रं आवरणार होते!

सुई भरलेलीच यायची. हाताला थंडगार लागायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हे औषध फ्रीजातच पाहिजे, उकाड्यात राहिलं की मरतं. म्हणून मी घरून थर्मास न्यायचे आणि तडक दवाखान्यात जाऊन टोचून घ्यायचे.

नवरात्रातला रविवार आला. बंगल्यात घट बसलेले, मागच्या दारापर्यंत धुपाचा वास. माईंनी इंजेक्शन ओट्यावर ठेवलं. मी उचललं आणि थबकले. गार नव्हतं. माझ्या तळहातापेक्षा जराही गार नव्हतं.

मी विचारलं. माई म्हणाल्या, तुझीच वाट बघत आत्ता काढून ठेवलं. आत्ता म्हणजे केव्हा, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. मी थर्मासात टाकलं आणि दवाखान्यात गेले. पुढच्या रविवारी सुई पुन्हा गार लागली, त्याच्या पुढच्याही. मग संशय घ्यायला जागा उरली नाही. निदान मी उरू दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि फळ्यावर तारीख लिहिता लिहिता माझा उजवा हात खाली पडला. पडला म्हणजे पडला, माझा नसल्यासारखा. संध्याकाळपर्यंत डावा पायही गेला. नवऱ्यानं जीपमध्ये मागच्या सीटवर निजवून औरंगाबादला नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध थंडच ठेवलं होतं ना? मी हो म्हणाले. म्हणताना माझ्या तळहाताला ती कोमट काच आठवली. उकाड्यात मेलेलं औषध पुन्हा फ्रीजात ठेवलं तर जिवंत होतं का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. हा झटका त्यानंच आला असंही ते म्हणाले नाहीत. औषध चालू असतानाही झटका येतो म्हणाले. म्हणजे पुरावा माझ्याकडे कधीच येणार नव्हता. संशय तेवढा माझा.

पाय थोडा परत आला. हात अर्धाच. काठी घेऊन गावी आले आणि पहिल्याच रविवारी बंगल्यावर गेले. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, त्या मला चढवेनात. म्हणून पुढून गेले. पडवीत आबासाहेब पेपर वाचत होते. काठीकडे पाहून म्हणाले, आता कसं खरं वाटतंय. मी माईंना बाहेर बोलवा म्हटलं. त्या आल्या.

“माई, नवरात्रात माझं औषध कुठं ठेवलं होतं?”

मला वाटलं, लपवतील. चपापतील तरी. त्या चपापल्या नाहीत. चार माणसांत जेवणाची विचारपूस करावी तसं त्यांनी सांगितलं.

“देव बसले व्हते ना घरात. फ्रीजमंधी नैवद्याचं दूध, दही. तुमचं ते आत कसं ठेवावं? मागच्या सोप्यात रांजणाच्या कडंला ठेवलं व्हतं. गारच राहतं तिथं. दसरा झाला की परत आत ठेवलं. म्या काय फेकून देलं का?”

तुमचं ते.

कंपनीत तयार झालेलं, काचेत बंद, खोक्यात बंद. ते माझं झालं आणि बाटलं. माई खोटं वागल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांना वाटत होतं, त्यांनी माझ्यासाठी जागा शोधली. रांजणाजवळ, गार. आबासाहेब म्हणाले, धा दिवसात काय व्हतंय? एवढा खर्चा करून राह्यलो तुमच्यासाठी, अन् तू जाब इचारती?

मला संताप आला, त्यांचा आणि माझाही. माझ्या आज्यानं धम्म घेतल्यावर गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. त्याला गावानं पिठाची चक्की बंद केली, तो जात्यावर दळून खात राहिला. ही गोष्ट मी पोरांना सांगायचे. आणि मी स्वतः रविवारच्या रविवार ओट्यावरून मेलेलं औषध उचलत होते, वर उपकार मानत होते.

मी म्हटलं, उरलेली खोकी द्या. माईंनी आणून पडवीच्या कट्ट्यावर ठेवली. सवयीनं दोन पावलं मागं सरल्या. मी उचलली नाहीत.

“हे आता औषध न्हाई. तुमच्यापाशीच राहू द्या.”

“बघ,” आबासाहेब म्हणाले. “परत मागायला येशील.”

“मागीन. पण या घरी न्हाई.”

शाळेतून मला सोमवारीच कळवलं की प्रकृती सांभाळा, यायची गरज नाही. नवरा दोन दिवस जीपच्या फेऱ्याच मारत राहिला. मग म्हणाला, तू केलं ते बराबर, पण औषधाचं काय? मी गळ्यातलं डोरलं काढून त्याच्या हातावर ठेवलं. जालन्याहून जुना फ्रीज आला, दाराला गंज चढलेला. वस्ती बघायला जमली. आत ठेवायला औषध नव्हतं. शेजारणींनी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कुणाचं काय बाटलं नाही. लाइट जायची तेव्हा सगळ्यांना सांगितलेलं, दार उघडायचं नाही.

या वेळी अर्ज मी माझ्या नावानं केला. डाव्या हातानं लिहिला, वाकडातिकडा. डॉक्टरांनी मुंबईच्या एका ट्रस्टचा पत्ता दिला होता. काही महिन्यांनी तिथला एक साहेब घर बघायला आला. भला वाटला. पण दुधानं तोंड पोळलेलं, मी ताकही फुंकूनच पिणार होते. त्यानं फ्रीज उघडून पाहिला, विजेचं विचारलं, लिहून घेतलं. खुर्चीवर बसला, मीही समोर खुर्चीवर बसले. मग पेनाला टोपण लावत म्हणाला :

“ताई, जरा चालून दाखवता का?”

दारात नवरा उभा होता. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं, ऊठ. औषध बंद होऊन आठ महिने झाले होते. माझा डावा पाय त्या वेळी खरंच उचलत नव्हता. उठले असते तर काम झालंही असतं.

“डॉक्टरांचा कागद तुमच्या पुढं आहे. फिल्म आहे. ती वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला दाखवा. मी चालून दाखवणार नाही.”

त्या खेपेला मदत मंजूर झाली नाही. कारण कळवलं नाही. मी पुन्हा अर्ज केला आहे, ट्रस्टकडेही आणि कलेक्टर कचेरीतही. हा नामंजूर झाला तर तिसरा करीन. हात गेला तर नवऱ्याकडून लिहवून घेईन. औषध मला पाहिजे, आणि मी ते मागणार आहे. पण खुर्चीवर बसून.