उपाशीपोटी विमा काढायला गेलो

ग्योतोकुकरांनो, आज कमाल झाली!

आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे. त्यामुळे इथल्या जपानी सरकारी आरोग्य विम्याला जोड म्हणून दुसरा घ्यायला गेलो, की नकार. दोनदा झालं. आज तिसऱ्यांदा गेलो. रक्त तपासतील म्हणून हे चहासुद्धा न घेता निघाले, सगळ्या रिपोर्टांची जाडजूड फाइल काखोटीला मारून.

काउंटरवरच्या बाईंनी फाइल दोन्ही हातांनी, वाकून परत दिली. "या पॉलिसीला तपासणी लागत नाही. सत्तरीच्या आत आहात, एवढं पुरे. हप्ता मात्र जास्त, आणि जुन्या दुखण्याचे पैसे मिळणार नाहीत."

मी तर उडालेच! हे मात्र हिरमुसले. म्हणाले, "अहो, निदान ईसीजी तरी बघा!"

सही झाल्यावर कोंबिनी दुकानाच्या दारातच ह्यांनी भाताच्या दोन ओनिगिरी संपवल्या.

तुमच्याकडेही कुणाला नकार आलाय का? सत्तरी उलटायच्या आत विचारा. आणि हो, नाश्ता करून जा!