हळूमामांना उसात पाठवलं

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दोन बोटांनी, दोनदा. मग जरा थांबायचं आणि मग कडी काढायची. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं, आत कुणी साहेब बसलेत. आत भिंतीला लागून मांडण्या, मांडण्यांवर ओळीनं पिंजरे, आणि पिंजऱ्यांत पांढरे उंदीर. मामा मागं वळून म्हणाले, "हळू ये. आपुन त्यान्ला भूकंप वाटतो."

त्यांचं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण सगळं केंद्र त्यांना हळूमामा म्हणायचं. बादली हळू ठेव, दार हळू लाव, खोकायचं तर बाहेर जाऊन खोक. माझ्याबरोबर पिंजरे धुवायला चंद्रकला होती. तिचं तोंड मोकळं. ती म्हणायची, "मामा, तुमच्या लग्नात भटजीबी हळूच बोलला आसंल. तुमाला तरी ऐकू आलं का?"

मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मला न्हाई आलं. मामीला आलं."

आमचं केंद्र देवळाली प्रवराच्या पुढं होतं, चारी बाजूंनी ऊस. खासगी होतं. तिथं दोन कामं चालायची. एका इमारतीत प्राणीघर होतं, तिथल्या पांढऱ्या उंदरांवर आणि सशांवर औषधं तपासून बघत. दुसरं काम बाहेरचं. आसपासच्या रानात घुशी किती, त्या काय खातात, कुठून कुठं जातात, याचं संशोधन. सापळे लावून घुशी पकडायच्या, तोलायच्या, कानाला बिल्ला लावून सोडायच्या. काही थोड्या आणून आठ-दहा दिवस ठेवायच्या. त्यांची शेड अंगणाच्या पलीकडं होती. त्या शेडमधला माणूस प्राणीघरात पाऊल टाकत नसे. रानातलं जनावर सोबत काय घेऊन येईल ते सांगता येत नाही, असं मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे या सगळ्या संशोधनाच्या मुख्य.

मी चौथी शिकलेली. मला माणसांत बोलता येत नाही. किराणा आणायचा तरी मी यादी लिहून दुकानदाराच्या हातात देते. म्हणून पिंजरे धुवायचं काम मला बरं वाटलं, तिथं कुणाशी बोलावं लागत नव्हतं. मामांनी मला सगळं दाखवलं. भुसा किती घालायचा, बाटलीची नळी कशी तपासायची. ते म्हणायचे, "जनावर तक्रार करत न्हाई. त्याच्या बाटलीतलं पानी करतं." एखाद्या बाटलीतलं पाणी कालच्याएवढंच दिसलं की ते त्या पिंजऱ्यापाशी खूप वेळ उभे राहायचे. मग मॅडमच्या खोलीच्या दाराशी जायचे. "मॅडम, तिसऱ्या पिंजऱ्यातला ससा आज नाराज हाय." मॅडम हातातलं काम टाकून यायच्या.

एकदा मला एका पिंजऱ्यात मेलेलं पिल्लू सापडलं. आपल्यालाच बोलतील या भीतीनं मी ते भुशाबरोबर टाकून दिलं आणि गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच मांडणीवरची आणखी चार गेली. मामांनी मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सुमन, न सांगितलेलं मढं दुसरं मढं घिऊन येतं." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

मग एका दिवाळीनंतर केंद्रानं पिंजरे-सापळ्यांचं हे सगळं काम एका कंपनीला ठेक्यानं दिलं. तांत्रिक सहाय्य असं त्याला नाव होतं, फाटकावर तसा फलक लागला. माणसं तीच राहिली. अंगावर निळे शर्ट आले आणि डोक्यावर एक सुपरवायझर आला. माणूस वाईट नव्हता. सारखा फोनवर असायचा, आणि फोनवर बोलताना आपोआप उभा राहायचा, म्हणजे त्याच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. त्यानं आम्हाला अंगणात उभं करून पहिला नियम सांगितला. आपण आता कंपनीची माणसं. केंद्राच्या माणसांशी थेट बोलायचं नाही. काय असेल ते मला सांगायचं, मी पुढं कळवीन.

चंद्रकला म्हणाली, "सुमनचं बरं झालं बया. तिला तशीबी जीभ न्हाई. आता तर साहेबांनी परवानगीच दिली." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला तो नियम आवडला होता.

मामा हसले नाहीत. "अन् तुमी नसताना जनावर आजारी पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"फोन करायचा, मामा."

"अन् फोन लागला न्हाई तर?"

"तर जनावराला थांबायला सांगायचं," सुपरवायझर म्हणाला. यावरही लोक हसले.

पुढच्या वर्षात माणसं कमी झाली. रानातल्या कामाची आणि प्राणीघराची माणसं एक झाली. पावसाळ्यात कंपनीचं सामान आलं, ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून घुशींची शेड रिकामी केली आणि घुशींचे पिंजरे आणून प्राणीघरातल्या शेवटच्या खोलीत ठेवले. मामांनी ते पाहिलं आणि ते सुपरवायझरकडं गेले. मी तिथंच बाटल्या धूत होते.

"साहेब, ही रानातली जनावरं हायेत. ही हितं नका ठिवू. ही पांढरी म्हंजी काचंची भांडी."

"मामा, उंदीर तो उंदीर. त्यांची सोयरीक जुळवायचीय का आपल्याला, गोत्र बघायला?"

"मॅडमला ठाऊक हाय का?"

"मी कळवतो पुढं."

तीन दिवस गेले. घुशींचा एक घुसमटलेला गुरगुराट असतो, तो दोन खोल्या ओलांडून ऐकू यायचा. तो आला की पांढरे उंदीर हलायचे थांबत. इतके पिंजरे, आणि आत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. मामा टकटक करून दार उघडायचे आणि उंबऱ्यातच उभे राहायचे. मला त्या खोलीत पाऊल टाकवत नसे.

चौथ्या दिवशी मॅडम सुपरवायझरबरोबर व्हरांड्यातून येत होत्या. मामा पुढं झाले. "मॅडम, नियम मला ठाऊक हाय. तरी बोलतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या त्या हळू आवाजात. मॅडमचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी घुशी परत शेडमध्ये गेल्या. पांढऱ्या जनावरांतलं एकही दगावलं नाही.

सोमवारी सुपरवायझर म्हणाला, "मामा, उद्यापासून तुम्ही सापळ्यांवर. घुशींची एवढी माहिती आहे तुम्हाला, तर होऊ द्या उपयोग." हे मॅडमना कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मामांना हलवलंय हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

मामा साठीला आलेले. उसाच्या सरींमधून पाणी साचलेलं, त्यात ते चपला घालून सकाळी शिरायचे आणि सापळे घेऊन दुपारी यायचे. गमबूट मागितले, तर मागणी पुढं पाठवलीय असं उत्तर आलं. हातमोजे मिळाले होते ते पातळ, पहिल्याच दिवशी फाटले. सापळ्याच्या तारेनं त्यांचा तळहात कापला. ते चिंधी बांधून जायचे आणि चिंधी ओली होऊन यायची. मला मात्र त्यांची सक्ती. "सापळं धुतल्यावर हात साबनानं धू. दोनदा धू. माझ्या म्होरं धू."

एक दिवस ते सापळे खाली ठेवून तिथंच टेकले. म्हणाले, "आज एक घूस माझ्याकडं बघत ऱ्हायली. पिंजऱ्यातली जनावरं अशी बघत न्हाईत."

"कशी, मामा?"

"जसं काय तिला ठाऊक हाय अन् मला न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "एक ध्यानात ठेव. मला ताप आला तर डॉक्टरला पहिलं ह्ये सांगायचं की ह्यो माणूस घुशीत काम करतो. घुशीच्या मुताचा ताप असतो, त्याला औषध येगळं. मॅडमनी आमाला पूर्वी सांगून ठिवलंय. घरी मामीला घुशींचं बोललो न्हाई, ती जेवायची न्हाई. तुलाच सांगतो."

मी मान हलवली.

दहा-बारा दिवसांनी त्यांचे डोळे लाल झाले. मामा म्हणाले, उसाचं पातं लागलं. मग पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की सापळे उचलताना ते मध्येच थांबत. मग ताप भरला. तापातही ते दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. दुपारी सुपरवायझर माझ्याकडं आला. "मामांना नगरच्या दवाखान्यात नेतोय. मामी एकट्या आहेत. तू चल सोबत."

जीपमध्ये मामा मागच्या बाकावर आडवे होते, त्यांचं डोकं मामींच्या मांडीवर. ते काही बोलण्याच्या पलीकडं गेले होते. मी सुपरवायझरच्या शेजारी पुढं बसले होते. रस्त्यात तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलं तर शेतात काम करतात म्हणायचं. उंदीर-घुशींचं नाव काढायचं नाही. उद्या चौकशी लागली तर ठेका जाईल. तुझंही काम जाईल, चंद्रकलाचंही. आणि ताप काय, या दिवसात सगळ्यांनाच येतोय."

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींना विचारलं, "काय काम करतात हे?"

मामींना एवढंच ठाऊक होतं, कंपनीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सुपरवायझर माझ्या मागं उभा होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "शेतात."

"शेतमजूर?"

"व्हय."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. रक्त तपासायला नेलं. डेंग्यू नाहीतर टायफॉईड असेल म्हणाले, आणि सलाईन लावलं. सुपरवायझरनं मामींना हिंमत दिली, बिस्किटाचा पुडा आणून दिला आणि तो गेला. मी मामींजवळ थांबले. इतके तास माझ्या हातात होते. डॉक्टर दोनदा येऊन गेले, नर्स किती वेळा आली. प्रत्येक वेळी मी उठून उभी राहिले आणि प्रत्येक वेळी परत बसले.

सकाळी मामांचे डोळे पिवळे झाले होते. नर्स पिशवीकडं बघून म्हणाली, लघवी अगदीच कमी आहे. मामी चहा आणायला खाली गेल्या. मामांनी डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं, आणि मला ओळखलं.

"सुमन. सांगितलंस ना डॉक्टरला?"

"हो, मामा."

"मंग बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी सुटका झाल्यासारखे डोळे मिटले.

मी उठले. व्हरांडा लांब नव्हता. डॉक्टर टेबलापाशी उभे राहून काही लिहीत होते. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो फार मोठा निघाला, लोक वळून बघायला लागले. "ते घुशी पकडायचं काम करतात. उसातल्या पाण्यात. हाताला जखम हाय. मी काल खोटं बोलले."

डॉक्टर मला बोलले नाहीत. त्यांनी आधी नर्सला हाक मारली, इंजेक्शन बदललं, परत रक्त पाठवलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काल काय झालं होतं तुम्हाला?"

दुपारी मामांना मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथं यंत्रावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. एक दिवस आधी कळलं असतं तर वाचले असते का, हे मी त्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, बाई. पण सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

दहाव्याला प्रवरेच्या काठी बरेच लोक जमले होते. मॅडम आल्या होत्या, चंद्रकला होती. सुपरवायझर लांब, जीपजवळ उभा होता. कंपनीनं बूट-मोजे दिले नाहीत, वर घुशींचं नाव लपवायला लावलं, हे मी चंद्रकलाला सांगितलं होतं आणि तिच्याकडून एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. लोक हळूहळू जीपकडं सरकत होते आणि सुपरवायझर दारावर हात ठेवून होता. तेवढ्यात मामींनी माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या मेल्यांनी तोंड बांधलं हुतं समद्यांचं. ही गरीब गाय, कुनाशी बोलत न्हाई, पन हिनं सांगितलं डॉक्टरला. आमच्या ह्यान्ला तसं सोताच्या तोंडानं बोललीती. शेवटाला मला म्हनले, सुमननं सांगितलंय, आता भ्यायचं कारन न्हाई."

लोक माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, बरं केलं पोरी. मामींचा हात गरम होता आणि त्यांनी तो घट्ट धरला होता.

मी म्हणाले, "मामी, मी पहिल्या दिवशी न्हाई सांगितलं. डॉक्टरनी इचारलं तवा तुमच्या म्होरंच मी शेतात म्हनाले. मला ठाऊक हुतं. मामांनी मला आधीच सांगून ठिवलं हुतं. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं."

मामी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना ते समजायला वेळ लागला, आणि समजत असताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. वारा होता, त्यांच्या डोक्यावरचा पदर सरकला. तो सारखा करायला त्यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला. पदर सारखा झाला. मग त्यांनी तो हात आपल्या दुसऱ्या हातात धरला आणि नदीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.