ठकुबाईंना वगळायचं नाही

महानंदा मूळची निपाणीची. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. महादेवपुऱ्यातल्या एका इस्पितळात ती रोग्यांच्या आकडेवारीचं गणित करायची. रक्तातला एक घटक जितका जास्त तितकं आयुष्य कमी, हे कितपत खरं, एवढं तिला शोधायचं होतं. त्यावरूनच ठरणार होतं, घटक जास्त असलेल्यांना नवं औषध चालू ठेवायचं की हात झटकायचे.

साहेब सूर्यकांत पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. "जे गेले तेवढेच घ्या," ते म्हणाले. "त्यांचा डेटा कम्प्लीट आहे. जिवंत असलेल्यांचं आयुष्य किती, कसं लिहिणार? ड्रॉप करा."

तसं केलं की गणित कसं देखणं दिसायचं, घटक वर की आयुष्य खाली! दिसणारच. मेलेल्यांनाच साक्षीला बोलावल्यावर जगण्याची बाजू मांडणार कोण?

वगळायच्या माणसांत देवनहळ्ळीच्या ठकुबाई होत्या. घटक भरमसाट आणि बाई ठणठणीत. तपासणी झाली की महानंदाच्या दारात डोकावून म्हणायच्या, "बरं अक्का, येते." 'जाते' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

"सर, एकजण वर्षात गेला. या ठकुबाई तिसऱ्या वर्षीही चालत्या-बोलत्या आहेत. जास्त कोण जगलं, हे सांगायला त्यांच्या मरणाची वाट बघायची?" महानंदानं विचारलं. तिनं अशाच जोड्या लावून पुन्हा मोजलं होतं. घटकाचं आणि आयुष्याचं नातं उरलं होतं, पण अगदीच लेचंपेचं. "एवढ्यावर कुणाचं औषध तोडायचं?"

"रिपोर्ट उद्या जायचाय. सही करा, नाहीतर दुसरं कुणी करेल. मग तुम्ही जाऊ शकता."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीतीही वाटली; नोकरी काय झाडाला लागते? तरी तिनं पेन खाली ठेवलं.

"माझ्या सहीनं जिवंत माणूस मरायचा नाही," ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावून दारात वळली. "आणि जात नाही, सर. येते."

दुसऱ्या सकाळी सूर्यकांत आले तेव्हा ती आपल्या खुर्चीत बसलेली होती. त्यांच्या टेबलावर रिपोर्ट होता, ठकुबाईंना धरून मोजलेला, खाली तिची ठसठशीत सही. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"त्या ठकुबाई," त्यांनी हळूच विचारलं, "आहेत अजून?"

"बाहेर बसल्यात," महानंदा म्हणाली. "ड्रॉप करताय म्हणून तुम्हीच सांगा त्यांना."