आत्तीचा आषाढ

माझ्या आतेबहिणीचा, मंगलचा फोन आला तेव्हा आषाढ नुकताच लागला होता. "दादा, आई गेली… झोपेतच गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "काल कशी होती?" मंगलला त्यातलं सगळं कळलं. म्हणाली, "हसत हुती. दोडक्याच्या मांडवात बायकांसंगं दिवसभर गप्पा चालल्या हुत्या." रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वरकुट्याची हिराबाई. नवरा लवकर गेला, तरी वांगी-दोडकी पिकवून तिनं एकटीनं मंगलला वाढवलं. बाजारात तिचा आवाज पार दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. पण आषाढ आला की ही बाई विझायची. आमच्याकडं त्या दिवसांत पाऊस थोडा, नुसतं आभाळ दाटतं आणि वारा घोंगावतो. आत्ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. जेवण नको, बोलणं नको. गाव म्हणालं बाहेरचं आहे, उतारे झाले. इंदापुरातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं, पण ती पुरती माणसात यायला दिवाळी उजाडायची.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती नेमकी आषाढात. मुलगी झाली. मी भेटायला गेलो तर मंगल बाळाला मांडीवर घेऊन रडत होती. "आई हिला हातात घेत न्हाय, दादा. म्हणती, माझ्या हातनं काय तरी वाईट हुईल…"

मी आत्तीला बारामतीला माझ्या घरी आणलं. आमच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई अॅक्युपंक्चर करायच्या. त्यांच्या केसाएवढ्या बारीक सुया बघून आत्ती कित्येक दिवसांनी आपणहून बोलली, "बाई, सुया टोचून आभाळ निवळतंय व्हय?"

बाई हसल्या नाहीत. "आभाळाचं माझ्या हातात नाही, मावशी. झोप लागते का, तेवढं बघू. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत."

टाळूवर, मनगटापाशी, पावलांवर सुया लावल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं… आत्तीचं! चमत्कार काही झाला नाही. आठवड्यातून दोनतीनदा जात राहिलो. आधी झोप आली, मग भूक. एकदा भाजी खारट झाली म्हणून तिनं माझ्या बायकोला फैलावर घेतलं, तर ती बिचारी आनंदानं माझ्याकडं बघत राहिली. मग एका सकाळी आत्ती पिशवी भरून दारात उभी. "मला वरकुट्याला सोड. पोरीला तेल कोण लावत आसंल?"

घरी पोचल्यावर हातपाय धुतले, पाय पसरून बसली आणि नातीला पायांवर घेतलं. दोन्ही हातांनी तिला तेल चोळायला लागली. मंगलनं तेलाची वाटी आणखी जवळ सरकवली.

हे सुयांनी झालं, गोळ्यांनी, की कुणीतरी तिचं ऐकून घेतलं म्हणून… मला सांगता येणार नाही. त्यानंतर दर वर्षी आभाळ भरायला लागलं की आत्ती स्वतःच एसटीनं सुया लावून घ्यायला आमच्याकडं यायची. जड दिवस तेव्हाही आले, पण ती अंथरुणाला खिळली नाही. यंदाही येणार होती.

दर वर्षीच्या त्या मुक्कामात ती उठल्याउठल्या पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडायची. "हाय तेवढा उजीड आत यू द्या," म्हणायची. आता श्रावण लागलाय. काल सकाळी आभाळ गच्च होतं. मी पुढच्या खोलीत आलो, तर दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि बायको तिथंच, आहे तेवढ्या उजेडात, घेवडा निवडत बसली होती.