व्ह्यूफाइंडरमधला उजेड

ता. १२ जानेवारी १९९७, रविवार. सकाळी पावणेअकराला मी अलीगंजच्या घरातून स्कूटर काढली. गळ्यात कॅमेरा होता. आलमबागला एका मित्राकडे जायचे होते.

प्रश्न साधा होता. वर्षभर माझ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून अंधुक दिसत होते. दोष कॅमेऱ्याचा की डोळ्याचा, एवढेच ठरवायचे होते. कॅमेऱ्याचा असेल तर तो दुरुस्तीला द्यायचा. डोळ्याचा असेल तर काय, हे मला ठाऊक होते. वडिलांना काचबिंदू होता. दुखले नाही, खुपले नाही. नजर हळूहळू गेली आणि शेवटची वर्षे ते भिंतीला हात लावून चालले. हा रोग मुलांत उतरू शकतो, असे डॉक्टरांनी आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितले होते. त्या जानेवारीत मी पासष्टीत होतो.

लांबचे पाहायला मला चष्मा लागत नसे. त्यामुळे डोळे चांगले आहेत असे मी धरून चाललो होतो. शिवाय कॅमेऱ्यावर संशय घ्यायला कारणही होते. तो जुन्या पद्धतीचा. त्यात भिंगातून पाहायचे नसते. वर एक वेगळी खिडकी असते, तिच्यात दोन प्रतिमा दिसतात, आणि त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. आत एक अर्धवट मुलाम्याचा आरसा असतो. तो वयाने विटतो. मीही विटलो होतो, पण तो विचार मी तेव्हा केला नाही.

दिवाळीतला रोल धुऊन आला तेव्हा पत्नीने फोटो चाळले आणि बाजूला ठेवले.

"सगळे धुक्यात बसलेत," ती म्हणाली.

"आरसा विटलाय. फोकस जुळत नाही."

"आरशाला सांगा मग."

त्या दिवशी खरेच धुके होते. पंधरवडाभर लखनौत सूर्य नीट निघाला नव्हता. हजरतगंजच्या चौकात उजवीकडून एक सायकलरिक्षा आली, ती मला दिसली नाही. घंटी ऐकून मी ब्रेक दाबला.

"अमाँ बड़े मियाँ," रिक्षावाला ओरडला, "आँखें घर पे छोड़ आए हैं क्या?"

मी धुक्याला दोष दिला आणि पुढे गेलो.

मित्र हवाईदलातून निवृत्त झालेला, मूळ नागपूरचा. मी रेल्वेत पूल तपासण्यात नोकरी घालवली. दोघांनाही निवृत्तीनंतर गावी परतायचे होते आणि दोघांचेही राहून गेले. मराठी बोलायला माणूस हवा म्हणून ओळख झाली आणि कॅमेऱ्यांमुळे टिकली. त्याच्याकडे नवा कॅमेरा होता, ज्यात भिंगातूनच आरपार दिसते तसला. गेले काही महिने आम्ही एकाच गोष्टीवर वाद घालत होतो: कोणाचा व्ह्यूफाइंडर जास्त उजळ. मला त्या वादाचा कंटाळा आला होता. त्याला मुळीच आला नव्हता.

"या, इंजिनिअरसाहेब," त्याने दार उघडले. "भिंगाचं झाकण काढून आणलं ना? नाहीतर तुमच्या कॅमेऱ्यात झाकण लावूनबी सगळं दिसते. त्या साली सहलीचा पूर्ण रोल काळा निघाला होता."

"एकदाच झालं ते."

"एकदा काय, छत्तीसदा! छत्तीस फोटो होते त्या रोलात."

त्याची पत्नी खोलीच्या कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. "भाऊजींना आधी बसू तरी द्या," ती म्हणाली.

त्याने पडदे ओढले. खोलीत संध्याकाळसारखा उजेड झाला. समोरच्या भिंतीवर पांढरे कॅलेंडर होते, मोठ्या आकड्यांचे, रविवार तांबडे. त्याच्याकडे पाहायचे ठरले. आधी त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यातून पाहिले, मग माझ्या. पुन्हा स्वतःच्या. मग कॅमेरा खाली घेतला.

"हरलो," तो म्हणाला. "तुमचाच उजळ आहे."

मी दोन्ही पाहिले. मला दोन्हींत सारखेच मळकट दिसले. दोन्हींत कॅलेंडर धुवायला काढल्यासारखे.

"माझ्या वयाची दया करू नका," मी म्हणालो.

"दया काऊन करीन बाप्पा? सात महिने भांडून राहिलो तुमच्याशी! वहिनीलाच विचारा तुमच्या."

वहिनीने मटाराचे हात पदराला पुसले आणि दोन्ही कॅमेरे पाहिले. "भाऊजींचा स्वच्छ दिसतो," ती म्हणाली. "यांच्या कॅमेऱ्यात जरा अंधारं वाटतं. पण यांच्यात फोटो चांगले येतात."

"हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं, पण लिहून ठेवा," मित्र म्हणाला.

दोन माणसे एक सांगत होती, मी दुसरे. नोकरीत असे झाले की आम्ही एक पद्धत वापरत असू. मोजमाप जुळत नसेल तर उपकरणावर किंवा माणसावर घाईने आरोप ठेवायचा नाही. अदलाबदल करायची. उपकरण उलटे फिरवून पुन्हा मोजायचे. चूक कोणाबरोबर जाते ते पाहायचे. जी उपकरणाबरोबर फिरते ती उपकरणाची. फिरत नाही ती दुसऱ्या कोणाची तरी.

मी म्हणालो, "दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहू. एक खिडकीला, दुसरा मोकळा. मोकळ्या डोळ्याच्या मानाने खिडकी किती उजेड खाते ते कळेल."

"हा आला रेल्वेवाला कायदा," मित्र म्हणाला, पण त्याने तसे केले. त्याला फरक दिसला तो अगदी थोडा. माझ्या कॅमेऱ्यात कमी, त्याच्या कॅमेऱ्यात जरा जास्त. तसेच असायला हवे होते.

मग मी केले. सवयीप्रमाणे उजवा डोळा खिडकीला, डावा मोकळा. डाव्याला कॅलेंडर पांढरे दिसत होते. उजव्याला, खिडकीतून, राखाडी. फरक फार मोठा होता. इतका उजेड कुठलाही आरसा खात नाही.

कॅमेरा डाव्या डोळ्याला लावणे मला जड गेले. हात त्या बाजूला जात नव्हता. चाळीस वर्षांत कधी गेला नव्हता. नाक मध्ये आले. मित्र हसला. "लग्नातल्या फोटोग्राफरसारखे वाकडे काऊन झाले?"

डावा डोळा खिडकीला, उजवा मोकळा. आता खिडकीतले कॅलेंडर उजळ होते आणि मोकळ्या डोळ्याचे काळपट.

काच उजेड घेते. देत नाही. मोकळ्या डोळ्यापेक्षा उजळ दाखवणारी अशी खिडकी अजून कोणी बनवलेली नाही. मी मित्राचा कॅमेरा घेतला आणि तेच केले. त्यातही खिडकीच उजळ. चूक कुठल्याच कॅमेऱ्याबरोबर फिरली नाही. ती माझ्या उजव्या बाजूलाच थांबली.

दोन्ही कॅमेरे मी टेबलावर ठेवले. हाताने डावा डोळा झाकला आणि कॅलेंडरकडे पाहिले. रविवारचे आकडे विटकरी दिसले. उजवा झाकला. तांबडे. पुन्हा डावा झाकला. विटकरी.

"कॅमेरा ठीक आहे," मी म्हणालो.

"मी काय सांगून राहिलो केव्हाचा!" मित्राने पडदे उघडले. "जिंकले तुम्ही, आणि तोंड पाडून बसले. जिंकल्यावर माणूस हसते."

"तुमच्या हवाईदलात डोळे तपासत असत ना दरवर्षी?"

"दरवर्षी. अक्षरं पाठ झाली होती मला. काऊन?"

"निवृत्तीनंतर कोणाकडे दाखवता?"

त्याने टेबलावरचे कॅमेरे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तंत्रज्ञ होता तो. अदलाबदलीचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

"कोणता?" त्याने विचारले.

"उजवा."

वहिनीचे मटार सोलणे थांबले. मित्राने डॉक्टरांचे नाव सांगितले, दवाखाना कुठल्या रस्त्याला आहे ते सांगितले, सोमवारी सकाळी बसतात हेही सांगितले. मग म्हणाला, "चला, मी सोडून देतो. स्कूटर राहू द्या इथं."

"नको."

"इंजिनिअरसाहेब, ऐका थोडं."

"जेवून जा तरी, भाऊजी," वहिनी म्हणाली. "मटारची उसळ करतेय."

मी थांबलो नाही. ते चूक होते. पण त्या वेळी कोणाच्या घरात बसून जेवणे मला जमले नसते.

परतताना धुके विरले होते. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ऊन पडले होते. मी रस्त्याच्या कडेने, अगदी हळू चालवत गेलो आणि दर चौकात मान पूर्ण उजवीकडे वळवून पाहिले. तरी हजरतगंजच्या पुढे एक सायकलवाला उजव्या कोपराला घासून गेला. लख्ख ऊन होते. तो जवळ येईपर्यंत मला दिसला नाही. या वेळी दोष द्यायला काही उरले नव्हते. स्कूटर तिथेच बाजूला उभी केली, थोडा वेळ बसलो, आणि पुढचा रस्ता ढकलत नेली. फार दमलो.

फाटकाशी पत्नी उभी होती. "ढकलत का? पेट्रोल संपलं?"

"नाही."

"बरं, ठरलं का? कोणाचा उजळ?"

"आपला."

"मग बरं झालं की." तिने कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला. "आता दुरुस्तीचं डोक्यातून काढा."

"उजव्या डोळ्याला कमी दिसतं," मी म्हणालो. "बरंच कमी."

तिने कॅमेऱ्याचा पट्टा हाताभोवती गुंडाळला. उलगडला. पुन्हा गुंडाळला. माझ्या वडिलांना अंगणातून आत आणायचे काम लग्नानंतर तिच्याकडे होते. त्यांचा हात भिंतीवरून सुटला की ती आपला खांदा पुढे करत असे.

"मामंजींसारखं?"

"ते डॉक्टर सांगतील. उद्या सकाळी बसतात."

"दिवाळीपासून मी म्हणत होते."

"तू आरशाला सांगा म्हणाली होतीस."

"तेच म्हणत होते मी. आरशात कोण दिसतं?" ती आत वळली. दारातून म्हणाली, "मी येणार आहे बरोबर. स्कूटरवर नाही बसणार तुमच्या."

"रिक्षाने जाऊ."

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला साडेआठला यायला सांगितले. त्याने आश्चर्याने स्कूटरकडे पाहिले, विचारले काही नाही. मग मी स्कूटर जिन्याखाली नेली, स्टँडवर चढवली, वर जुनी चादर टाकली, आणि खाली वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.