आदमी न लागणारी गाडी

आमच्या भागातली कापडाची मिल बंद पडून काही वर्षं झाली होती. परदेशीपुऱ्यात, म्हणजे मिल कामगारांच्या जुन्या वस्तीत, खेळण्यांचं एक चकाचक दुकान उघडलं होतं आणि मी मुलासाठी बॅटरीवर चालणारी गाडी बघायला गेलो होतो. मला रिमोटवाली हवी होती, म्हणजे मुलगा गाडीत आणि मी खुर्चीत.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातीला घेऊन तिच्यासाठी गाडी निवडत होते. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. प्रत्येक गाडी ते उलटी करत, चाक बोटाने फिरवत, कान लावून ऐकत आणि नापसंत पडली तरी हळूच सरळ ठेवत. शेवटी एका लाल गाडीत त्यांनी नातीला बसवलं आणि वाकून मागून ढकलायला लागले.

"धक्का मत दो, दादाजी!" दुकानदार म्हणाला. "अपने आप चलती है, आदमी लगता ही नहीं."

"नव्या मशिनी आल्या तेव्हा आमच्या मिलमध्ये पण हेच सांगितलं होतं, भिया," ते शांतपणे म्हणाले. "आधी आदमी गेले, मग मशिनी गेल्या. आता तिथे फक्त चौकीदार लागतो."

दुकानदार हसला. मीही हसलो.

तेवढ्यात नातीने पायाखालचं बटण दाबलं आणि गाडी सुटली. म्हाताऱ्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"आजोबा, सोडू नका ना!" ती किंचाळली.

ते धावले, गाडीच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानभर तिच्यामागे वाकून चालत राहिले.

"घाबरते हो," माझ्याजवळून जाताना ते म्हणाले. चेहरा मात्र कामावर परत घेतल्यासारखा खुलला होता.