मिस केतकी काय म्हणाली

काचीगुडा स्टेशनवर उतरले तेव्हा लॅपटॉपची पिशवी मी पोटाशी धरली होती. तिच्यात मूकपटाचा एक छोटासा तुकडा होता. मिस केतकी या विसरलेल्या नटीचं चरित्र मी लिहितेय. तिचा एकही चित्रपट उरला नाही असं सगळे सांगायचे, आणि अचानक कोल्हापुरात एका गंजक्या डब्यात हा सापडला. नावांचा भाग मात्र गळालेला. यातली नटी मिस केतकीच का, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं: चिक्कडपल्लीत राहणारी तिची मुलगी, कुमुदताई. मला धीर धरवत नव्हता.

रिक्षावाल्याने मोठ्या विश्वासाने भलत्याच गल्लीत उतरवलं. "यहींच है अम्मा, पूछ लेव," म्हणाला आणि गेला. विचारत विचारत घामाघूम होऊन पोचले.

कुमुदताईंची सून वसुधा हिने आधी जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकरी, गोंगुऱ्याची (अंबाडीची) भाजी, खट्टी दाल (चिंचेचं आंबट वरण). "अजून घ्या, लाजू नक्को," म्हणत ती वाढतच होती. मी पण लाजले नाही. कुमुदताई पंच्याऐंशीच्या. लहानपणी तापात त्यांचे कान गेले. बोलतात स्वच्छ, आणि समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखतात.

"आईनंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "सगळा चेहरा हलवून बोलायची माझ्याशी. आजी म्हणायची, ही काय नाटकं करती. सिनेमाचं नाव घरात काढायचं नाही. वडील सरकारी कचेरीत मोठे होते ना."

लग्न झालं आणि मिस केतकीची यमुनाबाई झाली, ती कायमचीच.

जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर राणी आली. मुकुट, काजळाने भरलेले डोळे, मांडीवर मरणारा राजा. कुमुदताईंनी मान हलवली. "ही नाही वाटत. आई अशी दागिन्यांत मी कधी बघितलीच नाही."

माझं अवसानच गळालं. तेवढ्यात राणी रडत रडत बोलू लागली. कुमुदताई पुढे सरकल्या आणि खुदकन हसल्या.

"काय म्हणती?" वसुधाने त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

"राजाला म्हणती, मेल्या, हलू नको, मांडीला मुंग्या आल्यात माझ्या."

मूकपटात तोंड हललं की काम भागायचं. शब्द कोण ऐकणार? आणि थिएटरात लोक यावर ढसाढसा रडले असतील.

"आईच आहे," कुमुदताई म्हणाल्या. "वेणी घालताना मी हलले की अशेच ओठ मुडपून दटावायची."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. त्यांनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. वसुधा आवाज वाढवायला गेली. याला आवाजच नाही, मी सांगितलं.

"हौ का?" कुमुदताई डोळे पुसत म्हणाल्या. "मग आज तुम्ही सगळे माझ्यासारखे. बसा, मी सांगते."

परतीच्या गाडीत मी तो तुकडा पुन्हा लावला. ओठ हलत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. सोलापूर आलं तेव्हा उतरून मागे फिरावंसं वाटलं. तिचं बोलणं कळणारी बाई पंच्याऐंशीची आहे.